महामारीतील तलाक, काझीची मध्यस्थी आणि आपण



हे शीर्षक वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडेल. मुसलमानांच्या तलाकाशी आपला काय संबंध, त्यांचे काझी आणि त्यांची शरियत त्यांनी पाहून घ्यावी, असे कोणी म्हणेल. याउलट दुसरा कोणी ही चर्चा फार आवडीने वाचेल, कारण शेजाऱ्याच्या घरातील दोष मोजताना मनुष्याला स्वतःच्या घराचा विसर पडतो. हे दोन्ही वाचक नजरेसमोर ठेवूनच मी हे लिहीत आहे. लोणावळ्याच्या बाजारात, वडगावात, तळेगावात आपण मुसलमान कुटुंबांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्यांच्या मुलीवर जे संकट येते ते आपल्या मुलीवर निराळ्या नावाने येते. शिवाय नवदीक्षित कुटुंबांपुढे धर्मांतर आणि विवाह यांच्या संबंधाचा जो प्रश्न रोज उभा राहतो, त्याचे एक टोक थेट या विषयाला जाऊन भिडलेले आहे. त्याकडे मी पुढे येतोच.

प्रथम तो काळ आठवा. दिनांक १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. प्लेगच्या दिवसांत जन्मलेला हा कायदा सव्वाशे वर्षांनी पुन्हा आपल्या दारात आला. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुणे-लोणावळा लोकल थांबली. जे गाव पर्यटकांवर जगते, जिथे चिक्कीच्या दुकानापासून हॉटेलातील भांड्यांपर्यंत हजारो हातांना काम मिळते, तिथे एका आठवड्यात काम नाहीसे झाले. दहा बाय दहाच्या खोलीत नवरा-बायको, मुले आणि सासू चोवीस तास समोरासमोर बसली. घरातील अत्याचाराच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की राष्ट्रीय महिला आयोगाला त्या एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवरून तक्रार घेण्याची सोय करावी लागली. आणि नेमक्या याच वेळी न्यायालये फक्त तातडीची कामे घेत होती. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्चला दाव्यांची मुदत वाढवून दिली. हे योग्यच झाले, परंतु मुदत वाढल्याने कोणाच्या चुलीवर भाकरी भाजली जात नाही.

आता मुसलमान स्त्रीची स्थिती पाहा. तिच्या समाजात घरगुती तंटा प्रथम न्यायालयात जात नाही. तो मशिदीच्या जमातीपुढे जातो, वडीलधाऱ्यांपुढे जातो आणि मोठ्या शहरात दारुल कझापुढे जातो. तिथे खर्च नाममात्र असतो, भाषा ओळखीची असते, चव्हाटा होत नाही आणि वर्षानुवर्षे तारखा पडत नाहीत. आपण याला सरसकट मागासलेपणा म्हणून हिणवू नये. वडगावच्या किंवा पुण्याच्या न्यायालयात एक चकरा मारायची म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे आपल्यालाही ठाऊक आहे. गरीब मनुष्य जवळचा दरवाजा ठोठावतो. परंतु त्या काळात हा जवळचा दरवाजाही बंद होता. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे मार्चमध्ये बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत बंदच राहिली. शासनाचे न्यायालय अर्धे मिटलेले, जमातीची बैठक बेकायदेशीर, माहेरची वाट अडलेली. अशा स्थितीत हातात उरला फक्त फोन.

दारुल कझा म्हणजे न्यायालय नव्हे, ही गोष्ट आधी स्पष्ट करून ठेवतो, कारण तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी फार गैरसमज पसरवले जातात. इंग्रजी अमदानीत काझी हा खरोखरीच न्यायव्यवस्थेचा भाग होता. १८६४ मध्ये सरकारने काझी आणि पंडित या दोघांचीही न्यायालयातील पदे रद्द केली. पुढे १८८० मध्ये काझींच्या नेमणुकीचा कायदा झाला, तोही असे बजावून, की या नेमणुकीने काझीला कोणताही न्यायाधिकार मिळत नाही. त्यानंतर मुसलमानांनी खासगी व्यवस्था उभी केली. बिहारमध्ये १९२१ साली इमारत-ए-शरिया स्थापन झाली. १९७३ मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड अस्तित्वात आले आणि त्याने ठिकठिकाणी दारुल कझा चालवल्या. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये सांगितले, की अशा संस्थेच्या फतव्यामागे कायद्याचे बळ नाही, तो मानण्याची सक्ती कोणावर करता येत नाही, आणि तिऱ्हाईताच्या मागणीवरून कोणाच्या हक्कांवर तिने मत देऊ नये. मात्र दोघे राजीखुशीने तिच्याकडे गेले आणि समेट झाला, तर त्याला मनाई नाही.

फेब्रुवारी २०२५ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधिक रोखठोक शब्दांत सांगितले. ते प्रकरण मला विशेष बोलके वाटते. उत्तर प्रदेशातील एका स्त्रीच्या पोटगीचा प्रश्न होता. पूर्वी काझीसमोर एक तडजोडनामा झाला होता. त्याचा आधार घेऊन खुद्द शासनाच्या कुटुंब न्यायालयाने असे मानले, की तंट्याला आपणच कारण असल्याचे तिने कबूल केले आहे, आणि तिला पोटगी नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने तो कागद वाचला तेव्हा त्यात तशी कबुलीच नव्हती. तिला दरमहा ४,००० रुपये मंजूर झाले. यातील दोष कोणाचा, याचा विचार करा. ज्या कागदाला कायद्यात किंमत नाही, तो कागद सरकारी न्यायाधीशाच्या टेबलावर पोचल्यावर स्त्रीच्या विरुद्ध मात्र किमतीचा ठरला! खासगी पंचांपुढे सही करताना तिला काय ठाऊक होते, की ही सही वर्षांनंतर आपल्याच घासावर उठेल?

मध्यस्थी हा तलाकाचा अलंकार आहे की पाया, हा या विषयाचा गाभा आहे. कुराणाच्या निसा या सुऱ्यातील ३५ व्या आयतीत असे सांगितले आहे, की पतिपत्नींमध्ये फूट पडण्याची भीती वाटल्यास एक पंच त्याच्या कुळातून आणि एक तिच्या कुळातून नेमावा. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने मे २००२ मध्ये याच तत्त्वावर निर्णय दिला. तलाकाला योग्य कारण हवे, तो उच्चारण्यापूर्वी दोन्ही बाजूंच्या पंचांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा, आणि या सर्व पायऱ्या पतीने न्यायालयात पुराव्याने सिद्ध केल्या पाहिजेत. ‘मी तलाक दिला आहे’ एवढे विधान लिहून दिल्याने तलाक होत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही याच दिशेचा निकाल दिला. म्हणजे महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मध्यस्थी हा केवळ सदुपदेश नाही. ती तलाकाच्या वैधतेची अट आहे.

आता या अटीला महामारीच्या काळाशी जोडून पाहा. समजा, २५ मार्च २०२० रोजी कोणा पतीने एकदाच तलाक उच्चारला. शरियतीप्रमाणे इद्दतीचा काळ साधारण तीन चांद्रमासांचा. त्या अवधीत तो पत्नीला परत स्वीकारू शकतो, दोन्ही कुळांचे पंच रदबदली करू शकतात. हा अवधी जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात संपतो. तिचे माहेर मुंब्र्याला, सासर लोणावळ्याला. जिल्ह्याची सीमा ओलांडायला परवाना हवा. तिच्या बाजूचा पंच येणार कसा? बैठक भरणार कुठे? मशीद तर नोव्हेंबरपर्यंत बंद. म्हणजे तिच्या हाती असलेले समेटाचे दिवस निघून गेले आणि पंच मात्र आलेच नाहीत. सरकारने दाव्यांची मुदत वाढवली, पण इद्दतीची मुदत कोण वाढवणार? ती कोणत्याही न्यायालयाच्या हातात नव्हती. माझे मत असे, की पूर्णपीठाच्या कसोटीवर अशा तलाकाला वैध म्हणता येत नाही. ज्या काळात पंच नेमणेच अशक्य होते, त्या काळातील तलाकाचा भार पतीवर अधिक जड व्हायला हवा. संकटाने अडचण झाली, म्हणून अटीतून सूट मिळाली, असे पती म्हणू लागला तर अडचणीचा सगळा भुर्दंड स्त्रीने भरायचा असा त्याचा अर्थ होतो.

कोणी म्हणेल, फोनवर बैठक घ्यायला काय हरकत होती? इथे थोडे थांबले पाहिजे. हा प्रश्न केवळ काझीचा नाही, सरकारी न्यायालयांपुढेही तो आलेला होता. ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ठरवले होते, की वैवाहिक दाव्यात समेटाची बोलणी चालू असताना दूरदृश्य पद्धत वापरू नये. समेट फसल्यावर, दोन्ही पक्षांच्या मागणीवरून, न्यायालयाला ती वापरता येईल. समेटाच्या बोलण्यांची गुप्तता जपली जावी, स्त्रीचे मन समुपदेशकासमोर मोकळे व्हावे, ही त्यामागची चिंता. आणि अडीच वर्षांच्या आत महामारी आली. न्यायालयांना अनेक कामे पडद्यावरून चालवावी लागली.

ती चिंता मात्र खोटी ठरली नाही. मध्यस्थ दूर कुठे तरी बसला आहे. स्त्रीच्या हातात नवऱ्याचाच फोन आहे, कारण कित्येक घरांत फोन एकच असतो. दाराच्या आड सासू उभी आहे. ‘बेटी, तू राजी आहेस ना?’ असा आवाज येतो आणि ती ‘जी’ म्हणते. या एका अक्षराला संमती म्हणायचे काय? न्यायालयात निदान एक खोली असते, समुपदेशक नवऱ्याला बाहेर थांबायला सांगू शकतो, स्त्रीच्या दंडावरचा वळ त्याला दिसू शकतो. फोनच्या पडद्यावर चेहरा दिसतो, खोली दिसत नाही. संसदेने २०२३ मध्ये मध्यस्थीचा कायदा केला आणि दूरस्थ मध्यस्थीसाठी दोन्ही पक्षांची संमती आवश्यक ठेवली. परंतु संमती देणारी स्त्री कोणाच्या घरात, कोणाच्या छपराखाली बसून ती देते, हे पाहण्याची तजवीज केवळ कलमाने होत नाही.

तोंडी, लेखी किंवा फोनवरून एकाच दमात दिलेल्या तिहेरी तलाकाविषयी मात्र संभ्रमाला जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तो रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने तो इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दिला तरी निरर्थक आणि बेकायदेशीर ठरतो, तसेच त्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. या कैदेविषयी माझे मन पूर्ण समाधानी नाही. नवरा तुरुंगात गेल्यावर त्या स्त्रीला निर्वाहभत्ता कोणाच्या मजुरीतून मिळणार, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. परंतु तलाक निरर्थक ठरवणे आणि तिचा निर्वाहभत्त्याचा हक्क नोंदवणे या दोन गोष्टी योग्यच आहेत.

इतर मुसलमान देशांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. इंडोनेशियात धार्मिक न्यायालये खासगी नाहीत. ती १९८९ च्या कायद्याखाली चालणारी शासनाची न्यायालये आहेत आणि तेथे घटस्फोट मागणाऱ्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक असते. दाव्याच्या सुनावणीपूर्वी मध्यस्थी सक्तीची करणारा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये केला आणि महामारीच्या अनुभवानंतर २०२२ मध्ये इलेक्ट्रॉनिक मध्यस्थीचा नियम केला. म्हणजे तिथे काझी चुकला तर वर अपील आहे, नोंद आहे, वेतन घेणारा जबाबदार अधिकारी आहे. आपल्याकडील दारुल कझा चुकली तर अपील कोणाकडे? तिच्याजवळ शिपाई नाही, तुरुंग नाही हे खरे. पण समाजाच्या नजरेचा जो तुरुंग आहे, त्याला भिंती लागत नाहीत.

हा लढा मुसलमान स्त्रियांनी स्वतः आरंभिला आहे, हेही आपण विसरू नये. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुसलमान स्त्रिया तोंडी तलाकाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर चालून गेल्या. अवघ्या सात! आपल्याला महाड आणि नाशिक ठाऊक आहेत, तेव्हा संख्येवरून धैर्य मोजण्याची चूक आपण करणार नाही. पुण्यात २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले, जोतीरावांच्या सत्यशोधक समाजाचे नाव घेऊन. त्याला ५० वर्षे पूर्ण झाली तो दिवस नेमका जनता कर्फ्यूचा होता. पुढे भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने मुंबईत स्त्रियांची शरियत अदालत चालवली आणि स्त्रियांना काझीपदाचे शिक्षण दिले. या दोन मार्गांत मतभेद आहेत. एक कायद्याची समानता मागतो, दुसरा शरियतीच्या आतूनच न्याय मागतो. माझा कल पहिल्याकडे आहे. तथापि, पुरुष काझीसमोर मान खाली घालून बसणाऱ्या स्त्रीला समोर स्त्री काझी दिसली, तर तिची जीभ थोडी सैल होईल, एवढे मान्य करायला हवे.

आता आपल्या घराकडे वळू. पूर्वाश्रमीच्या जातीत आपल्याकडेही पंचायत होती. काडीमोड होई, पंच दंड घेत, आणि स्त्री कोणाच्या पदरात पडेल हे चावडीवर ठरे. दीक्षा घेतल्यावर ती चावडी मोडली, असे आपण अभिमानाने सांगतो. खरोखरीच मोडली काय? शंभर किंवा पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर लिहिलेली सोडचिठ्ठी, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का आणि मग दुसरे लग्न, हा प्रकार मावळातच काय, महाराष्ट्रात कोणत्या तालुक्यात होत नाही ते सांगा. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याप्रमाणे घटस्फोट न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच होतो. त्याच कायद्याच्या २९ व्या कलमाने रूढीने मिळालेला घटस्फोट वाचवला आहे, परंतु रूढी सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. मग न्यायालयात उभे राहून आपण काय सांगणार? ज्या जातीचा त्याग केला, तिच्याच पंचांची रूढी मला लागू आहे, असे? काझीच्या खुलानाम्याला नावे ठेवणाऱ्याने आपल्या ट्रंकेतील सोडचिठ्ठी एकदा काढून वाचावी. दोहोंत फार फरक नाही, आणि असलाच तर तो काझीच्या बाजूने आहे, कारण तिथे निदान दोन पंच नेमण्याचा नियम लिहिलेला तरी आहे.

धर्मांतराचा जो प्रश्न मी सुरुवातीला बाजूला ठेवला, तो असा. १९३९ पूर्वी पत्नीने इस्लाम सोडला की तिचा विवाह आपोआप मोडतो, असे मानले जाई. जाचाला कंटाळलेल्या आणि सुटकेचा दुसरा मार्ग नसलेल्या कित्येक स्त्रियांनी तेवढ्यासाठी धर्म सोडला. उलेमांमध्ये खळबळ उडाली. मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी पंथाचा आधार घेऊन स्त्रीला सुटकेची कारणे आणि जेथे मुसलमान न्यायाधीश नाही तेथे जमातीच्या पंचांचा मार्ग दाखवला. त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. चार वर्षे बेपत्ता पती, दोन वर्षे पोटगी न देणारा पती, क्रूर पती, अशी कारणे स्त्रीला मिळाली. मात्र चौथ्या कलमाने असेही ठरले, की केवळ धर्म सोडल्याने तिचा विवाह मोडणार नाही. बाबासाहेबांनी आपल्या पाकिस्तानविषयीच्या ग्रंथात या कलमाची चिकित्सा केली आहे आणि त्यामागे संख्याबळाचे राजकारण दाखवले आहे. स्त्रीच्या सुटकेचा कायदा करताना जमातीची शिरगणतीही सांभाळली गेली.

आपल्या दृष्टीने याचा परिणाम व्यावहारिक आहे. एखादी विवाहित मुसलमान स्त्री दीक्षा घेऊन आपल्यात आली, तर तिचे स्वागत करा. पण दीक्षेच्या दिवशी तिचा पूर्वीचा विवाह संपला, असे समजू नका. (इतर धर्मातून इस्लाममध्ये आलेली स्त्री आपल्या पूर्वीच्या धर्मात परत गेली, तर तिला हे कलम लागू नाही.) त्याचप्रमाणे खुलानाम्यावर भरवसा ठेवून कोणाच्या घटस्फोटित मुलीशी आपल्या मुलाचे लग्न ठरवताना सावध राहा. खुल्याविषयी उच्च न्यायालयांचे सूर निरनिराळे आहेत. केरळ उच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये, महामारी चालू असतानाच, न्यायालयाबाहेरील खुला स्त्रीचा हक्क म्हणून मान्य केला. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खासगी शरियत मंडळाचे खुला-प्रमाणपत्र निरुपयोगी ठरवले आणि स्त्रीने कुटुंब न्यायालयात जावे असे सांगितले. तेलंगणा उच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये पतीच्या संमतीशिवायही खुल्याचा हक्क मान्य केला. असे असता, विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देण्यापूर्वी तिने न्यायालयातून घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आपण विवाहबंधनात नाही असे जाहीर करणारा निर्णय घ्यावा. तीस दिवसांच्या नोटिशीत कोणी हरकत घेतली तर तोच कागद उपयोगी पडतो.

शेवटी मावळातील आपल्या वाचकांसाठी व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. कौटुंबिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्याखालील अर्ज आणि पोटगीचा अर्ज दंडाधिकाऱ्यापुढे होतो. त्यासाठी पुण्यालाच गेले पाहिजे असे नाही, वडगावला न्यायालय आहे. हा २००५ चा कायदा कोणत्याही धर्माच्या स्त्रीला लागू आहे. घटस्फोटित मुसलमान स्त्रीलाही सर्वसाधारण कायद्याखाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा स्पष्ट केले. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, वकील विनामूल्य मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा असतो. आपल्या शेजारच्या मुसलमान भगिनीला हे ठाऊक नसेल तर तिला सांगा, आणि गरज पडली तर तिच्याबरोबर वडगावपर्यंत जा. जाताना निकाहनामा, मेहराची नोंद, मुलांचे जन्मदाखले आणि जमातीपुढे किंवा काझीपुढे जो कागद झाला असेल त्याची प्रत बरोबर असू द्या. त्या कागदावर तिने सही केली असेल, तर तो तिला वाचून दाखवल्यावर केली की न वाचता, आणि त्या वेळी खोलीत कोण कोण होते, हे अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहायला वकिलाला सांगा.